डोळे उत्तम आहेत, उजेड कमी आहे

पुण्यात भाड्याने खोली मिळवायची म्हणजे लोक काय काय दाखवतात. कुणी ऑफिसचं पत्र दाखवतं, कुणी ओळखीचा माणूस, कुणी नुसताच गरीब चेहरा. मला सोल्डरिंग करून दाखवावं लागलं.

कर्वेनगरातली जुनी तीन मजली सोसायटी. पहिल्या मजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको, वर गच्चीला लागून भाड्याची खोली. मी अकोल्याहून रात्रभराचा प्रवास करून, खांद्यावर बॅग घेऊन सकाळी अकराला बेल वाजवली. दार उघडलं ते सत्तरीच्या, बनियनवरच्या एका गृहस्थांनी. बाहेर लख्ख ऊन, आणि यांच्या हातात पेटलेली बॅटरी! त्यांनी ती आधी माझ्या तोंडावर मारली, मग चपलांवर, मग आधार कार्डावर.

"डिप्लोमा कशात?"

"इलेक्ट्रॉनिक्स. मोबाईल दुरुस्तीच्या कंपनीत लागलेय."

"सोल्डर येतं?"

"येतं ना. काऊन?"

"'काऊन' नाही, 'का'. आणि येतं असं सगळेच म्हणतात. बसा."

जेवणाच्या टेबलावर तांब्याची एक पट्टी, दोन वायरी आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न. घर बघायला आले होते की नोकरीला, मला कळेना. चीड इतकी आली होती की वायर नीट तापायचीही वाट बघितली नाही. तशीच दोन्ही वायरी पट्टीला चिकटवल्या. त्यांनी पट्टी नाकापाशी नेली, वरून बॅटरी मारली, डावीउजवीकडे फिरवली आणि म्हणाले, "हं. चालेल." पट्टी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात गेली. "भाडं बिडं काकू सांगतील. ते माझं खातं नाही."

गच्चीवर चोवीस तास पाणी होतं, म्हणून राहिले. नाही तर असल्या माणसाच्या वाटेला कोण जातंय!

काका एका कारखान्यातून रिटायर झालेले. तिथं आयुष्यभर एकच काम केलं, दुसऱ्यांनी केलेले सोल्डरचे जॉइंट भिंगातून तपासायचे आणि नापास करायचे. 'पास करायचे' असं ते कधीच म्हणत नसत. त्यांनी नापास केलेला जॉइंट मोठ्या साहेबालासुद्धा पास करता येत नसे, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात चार वेळा सांगितलं. माणसांनाही ते तसेच तपासत. मर्जीत असलात तर 'तू'. बिनसलं की लगेच 'आपण'. "आपण गच्चीचं दार उघडं टाकून गेलात वाटतं?" असं जिन्यात ऐकू आलं, की दिवस वाईट जाणार हे मी ओळखायची.

रिटायर झाल्यावर हाताला चाळा म्हणून त्यांनी बॅटऱ्या धरल्या. जुन्या बाजारातून दोन सेलच्या धातूच्या बॅटऱ्या आणायच्या, आतला पिवळा मिणमिणता बल्ब फेकायचा आणि तिथं पांढरीफेक एलईडी बसवायची. दुपारी बाल्कनीत टेबल ओढून त्यांचा कारखाना सुरू व्हायचा. एलईडी तापते, तिला खाली ॲल्युमिनियमची चकती लागते. मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेले सेल बारीक असतात, जुन्या बॅटरीच्या पोटात खुळखुळतात, म्हणून त्यांना कॅलेंडरची पानं गुंडाळायची. गेल्या वर्षीचा श्रावण एका बॅटरीत, भाद्रपद दुसऱ्या बॅटरीत, असा सगळा हिशोब.

"अहो, माझ्या इडलीपात्राची एक ताटली कुठं गेली?" काकू आतून विचारायच्या.

"विज्ञानाला."

"मग इडल्यापण विज्ञानाकडेच मागा."

बॅटरी झाली की फुकट वाटायची. सोसायटीत प्रत्येक घरात एक, किराणावाल्याकडे एक, इस्त्रीवाल्याकडे एक. नको म्हणायची सोय नव्हती. काकूंचा धाकटा भाऊ धायरीला राहतो, अजून थोडी शेती राखून आहे. त्यालाही दिली. पंधरा दिवसांनी तो बॅटरी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. "दाजी, उजेड लई झ्याक हाय, पण हातात धरवत नाय. भाकरी भाजल हिच्यावर."

"मग भाज. दोन कामं होतात एकीत," काका म्हणाले.

आणि उजेडाचं समाधान म्हणून नाही. तीन वॅटची एलईडी झाली, पाचची झाली, सातची झाली. तपासणी सकाळच्या ताज्या डोळ्यांनी, या कारखान्याच्या नियमाने प्रत्येक नवी बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर मारून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. "कमीच आहे." अहो, कमी कसली! आम्हाला भिंतीकडे बघवत नसे. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. काकांनी पार्किंगमध्ये त्यांच्या तोंडावर बॅटरी मारली होती आणि पुढं पाच मिनिटं त्यांना स्वतःच्या स्कूटरचं कुलूप सापडलं नव्हतं.

"कुलूप दिसलं नाही यात माझ्या बॅटरीचा काय दोष?" काका म्हणाले. "आपण डोळे तपासून घ्या."

रंगाऱ्याची गोष्ट तर सगळी बिल्डिंग सांगते. काकांनी हॉलला पांढरा रंग सांगितला होता. रंगाऱ्याने दिला. काका म्हणाले, हा पिवळट आहे. त्याने पुन्हा दिला. पुन्हा पिवळट. तिसऱ्या वेळी तो बिचारा डबा घेऊन आला, डब्यावर 'पांढरा' लिहिलेलं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "डब्यावर काहीही लिहितील. मी जॉइंट तपासणारा माणूस आहे, मला डोळे आहेत." तो रंगारी त्यानंतर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

मीही हसायची. पुण्याच्या माणसाचा खडूसपणा म्हणून अकोल्याला फोन करून आईला रंगवून सांगायची. मग एका संध्याकाळी काकू गच्चीवर आल्या, हातात पोळ्यांचा डबा. "गरम आहेत, खाऊन घे." झाकण उघडलं. वर दोन पोळ्या, खाली एक बॅटरी.

"काकू, हे काय?"

"मी गुपचूप लावून बघितली, पेटत नाहीये. उद्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी घेऊन जाणार आहेत. तुला जमतं ना? बघ जरा. त्यांना कळता कामा नये."

मी बॅटरी उघडली. सोल्डरचे हे एवढाले गोळे, भलतीकडेच सांडलेले. आणि एलईडीला लाल वायर जिथं लावायची तिथं काळी, काळीच्या जागी लाल. जुना बल्ब गरीब असतो, वायरी कशाही लावा, पेटतो. एलईडीला सरळ-उलटं कळतं. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि ही चूक जन्मभर जॉइंट तपासणाऱ्या माणसाने केली होती.

"मोतीबिंदू," काकू हळूच म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलंय. ऐकतील तर शपथ! डॉक्टरांनाच म्हणाले, डोळे उत्तम आहेत, उजेड कमी आहे. तुमच्या दवाखान्यातली ट्यूबलाइट जुनी झाली. आणि पुढच्या आठवड्यात त्यांना एक बॅटरी नेऊन दिली. म्हणाले, आता नीट बघा."

मला हसू आलं. काकूंना नाही आलं. "सगळं आयुष्य दुसऱ्याचं काम नापास केलं गं त्यांनी. आता त्यांचंच नापास झालं तर तो माणूस अंथरूण धरेल. झाकली मूठ राहू दे. तेवढं कर."

मी केलं. माझं मोबाईलचं बारीक आयर्न होतंच. त्यानंतर वर्षभर आमची चोरटी वाहतूक चालू होती. काका बॅटरी करणार, काकू ती पोळ्यांखाली लपवून वर आणणार, मी वायरी सरळ करून नवे जॉइंट देणार, सकाळी रिकाम्या डब्यातून बॅटरी खाली. पोळ्यांवर कधी गुळांबा, कधी ठेचा. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. फुकट जेवण होतं, आणि पुण्याच्या सगळ्यात खडूस माणसाला रोज मामा बनवण्याचं सुख होतं.

काकांचा तोरा मात्र इतका वाढला की नवी बॅटरी भिंतीवर मारून बघायचंही त्यांनी सोडलं. "बघ, एवढ्या बॅटऱ्या वाटल्या, एकही बंद म्हणून परत आली नाही. एकही! आणि डॉक्टर म्हणतो नजर गेली." मी आणि काकू पंख्याकडे बघत बसायचो.

पुढं एकदा काकू स्वतःचे डोळे दाखवायला त्याच डॉक्टरांकडे गेल्या आणि परत आल्या त्या थेट गच्चीवर, धापा टाकत. डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांचा मोतीबिंदू तेव्हाच पिकला होता, आता तो दगडासारखा कडक व्हायला आला असेल. आणखी वेळ काढला तर ऑपरेशन अवघड होईल, नजर परत येईलच याची खात्री देता येणार नाही.

काकू कठड्याला टेकून रडायला लागल्या. आणि मला एकदम माझीच लाज वाटली. इतकी लाज मला आजवर कशाची वाटली नव्हती.

"काकू," मी म्हटलं, "त्यांना आंधळं आपण करतोय. एकही बॅटरी परत येत नाही म्हणून तर ते डॉक्टरकडे जात नाहीत. तुम्ही आणि मी मिळून त्यांना पास करतोय."

काकूंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मग पुढची तू करू नकोस."

पुढची नेमकी दहा वॅटची निघाली. सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी रविवारी धुवायची होती. आत उतरायच्या आधी वरून बघायला उजेड लागतो, तर काकांनी सेक्रेटरींना सांगून ठेवलं होतं, बॅटरी माझी. आठ दिवस खपून केली होती. शनिवारी संध्याकाळी डबा वर आला. काकू दारातूनच परत फिरल्या. मी बॅटरी उघडली. लाल-काळी उलटी. आयर्न तापलेलं होतं, पाच मिनिटांचं काम होतं. मी त्याचं बटण बंद केलं, बॅटरी होती तशी डब्यात ठेवली. पोळ्याही वर तशाच रचल्या.

रविवारी दहा वाजता टाकीभोवती दहा-पंधरा माणसं. काका इस्त्रीचा शर्ट घालून. "सगळ्यांनी मागं व्हा, डोळ्यांना त्रास होईल," असं म्हणून त्यांनी बॅटरी टाकीत धरली आणि बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. झटकली, तळहातावर आपटली, पुन्हा दाबलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, उजेड कमी आहे वाटतं."

सगळे हसले. मीही एरवी हसले असते. त्या दिवशी मला त्या सेक्रेटरीला टाकीत ढकलावंसं वाटलं. काकांनी शांतपणे बॅटरीचं तोंड फिरवून उघडलं. भर उन्हात धरलं, नाकापाशी नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. कपाळावर घाम. लोक मोबाईलचा उजेड पाडून टाकी बघायला लागले आणि काका चार पावलं सरकून माझ्याजवळ आले. इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"यातली लाल कुठली गं?"

मला रडू फुटायला आलं होतं. "डावीकडची, काका."

"हं," ते म्हणाले. "मी उजवीकडची समजत होतो."

बॅटरी खिशात घालून ते जिना चढून गेले. दोन दिवस बाल्कनीत टेबल लागलं नाही. काकूंनी मला सांगितलं, जेवतात, पण बोलत नाहीत. मी अपराध्यासारखी पाय न वाजवता जिना चढायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला, तो नुसताच धरलेला असायचा हे एव्हाना आम्हाला कळलं होतं, आणि काकूंना विचारलं, "काय गं, त्या डॉक्टरने ट्यूबलाइट बदलली असेल का आता?"

"बदलली," काकू म्हणाल्या. "मी बघून आलेय."

"मग जाऊ. नवीन उजेडात बघू दे त्याला एकदा."

उजवा डोळा आधी झाला, महिन्याने डावा. कडक झाला होता, डॉक्टरांना घाम फुटला म्हणे, पण निभावलं. काळा चष्मा उतरला त्या दिवशी काकांनी काय केलं असेल? टाकीची बॅटरी दुरुस्त करून भिंतीवर मारली आणि ओरडले, "कुणी केली ही? माणूस मारायचाय का?" मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. उठून भिंतीपाशी गेले, हात फिरवला. "हा पांढरा आहे."

"तीन हात पांढरा आहे," काकू म्हणाल्या.

त्याच दुपारी त्यांनी रंगाऱ्याला फोन लावला. माफी मागितली असं नाही, तो त्यांचा प्रांत नव्हे. म्हणाले, "तुमचं काम पास आहे." पलीकडून फोन ठेवला गेला.

हे इथं संपलं असतं तर मी सुटले असते. पण काकांनी वाटलेल्या सगळ्या बॅटऱ्या परत मागवल्या, तपासणीसाठी. धायरीची भाकरीवालीसुद्धा आली. एक दिवस ऑफिसमधून येते तर जिन्यातच आवाज आला. "आपण जरा आत येता का?"

झालं! चोराच्या मनात चांदणं. टेबलावर बॅटऱ्यांची पोटं फाडून ठेवलेली, त्यांचे दोन ढीग. काका भिंग घेऊन बसलेले. काकू स्वयंपाकघरात, पण भांड्यांचा आवाज बंद.

"हा ढीग माझा," काकांनी डावीकडे बोट केलं. "जॉइंट नाहीत, शेणाचे पो आहेत. सगळे नापास. हा दुसरा ढीग कुणाचा?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. डबा, पोळ्या, गुळांबा, सगळं. 'का' ते त्यांनी विचारलंच नाही.

"आयर्न किती वॅटचं?"

"पंचवीस."

"पंचवीस! ॲल्युमिनियमच्या चकतीवर? सगळी उष्णता ती चकती खाऊन टाकते. बघा हे." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "राखाडी, दाणेदार. ड्राय सोल्डर. आज धरून आहेत, उद्या सुटतील. असले जॉइंट आपण वर्षभर माझ्या नावावर खपवलेत. माझी अब्रू वाचवायला निघालात की घालवायला?"

मी भिंगातून बघितलं. खरंच राखाडी होते. मोबाईलवरच्या कामाने मी स्वतःला मोठी कारागीर समजत होते.

मग त्यांनी टाकीची बॅटरी पुढं ओढली. आवाज उतरला. "हिला मात्र तू हात लावला नव्हतास. उलट्या वायरी मी जशा लावल्या तशाच निघाल्या. का गं?"

"तुम्हाला दिसावं म्हणून," मी म्हटलं.

काका उठले, कपाटातून बिस्किटांचा तो जुना डबा काढला, त्यातून तांब्याची पट्टी. माझी, पहिल्या दिवशीची. भिंगाखाली धरून त्यांनी ती कितीतरी वेळ बघितली.

"हा जॉइंट मला त्या दिवशी दिसला असता," ते म्हणाले, "तर खोली दिली नसती तुला."

"मग बरंच झालं की दिसला नाही ते," आतून काकूंचा आवाज आला.

पट्टी काकांनी पुन्हा डब्यात ठेवली, फेकली नाही. मग साठ वॅटचं आयर्न लावलं, माझ्या ढिगातली पहिली बॅटरी माझ्यापुढं सरकवली आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले.

"बस. पहिल्यापासून. आता मला दिसतंय."

मी आयर्न उचललं, पण चकती काही दिसेना. डोळे भरून आले होते, वायर कुठं आणि हात कुठं.

"आता काय झालं?" ते खेकसले.

"काही नाही काका," मी म्हटलं. "डोळे उत्तम आहेत. उजेड कमी आहे."

त्यांनी दहा वॅटची बॅटरी उचलली, बटण दाबलं, आणि सवयीप्रमाणे आधी माझ्या तोंडावर मारली.